बोंडअळीच्या कार्डासाठी लेंटिक्युलर छपाई: मॉर्फ करावं की नुसतं फ्लिप?

पऱ्हाटीवाला (राळेगाव, जि. यवतमाळ)

नमस्कार मंडळी. राळेगावात माझं छपाईचं दुकान आहे. फ्लेक्स, लग्नपत्रिका, बिलबुकं, वाढदिवसाचे बॅनर, जे येईल ते. लग्नसराई आणि निवडणूक सोडली तर वर्षभर आमची चूल कृषी केंद्रवाल्यांच्या जिवावर पेटते. त्यातल्याच एका जुन्या गिऱ्हाइकाचं काम आलंय आणि या भानगडीत मी नवा आहे, म्हणून विचारतो.

हे मालक मध्यंतरी नागपूरला गेले होते, तिथून प्लास्टिकचं एक कार्ड घेऊन आले. हातात धरून वर-खाली झुकवलं की बी फुटतं, कोंब येतो, पान उलगडतं. लहानपणी जत्रेत एका बाजूनं राम आणि दुसऱ्या बाजूनं हनुमान दिसणारे फोटो मिळायचे, कंपासपेटीत डोळा मारणारी पट्टी असायची, त्याच जातीतलं. याला लेंटिक्युलर छपाई म्हणतात. पण यात चित्र टुणकन बदलत नाही (तो फ्लिप), एकातून दुसरं हळूहळू घडत जातं (हा मॉर्फ). मालकांनी कार्ड काउंटरवर टाकलं आणि म्हणाले, "असंच पाहिजे. पण पऱ्हाटीचं." पऱ्हाटी म्हणजे आमच्याकडे कापसाचं झाड.

त्यांच्या डोक्यात काय आहे ते सांगतो. आधी गुलाबी बोंडअळीनं खाल्लेलं काळपट बोंड. कार्ड झुकवलं की तेच बोंड पांढरंशुभ्र फुटलेलं. खाली दुकानाचं नाव आणि मोबाइल नंबर. पोळ्याच्या सुमाराला नेहमीच्या गिऱ्हाइकांना बिलासोबत द्यायचं. मला कल्पना पटते. साधं पत्रक माणूस दुकानाच्या पायरीवरच टाकून जातो, नाहीतर त्यात भजी बांधली जातात. हे कार्ड घरी जाईल, तान्ह्या पोळ्याला पोराटोरांच्या हाती लागेल, घरभर फिरेल. आणि बोंडअळी म्हटलं की 2017 साल आठवतं, अळीनं पीक खाल्लं ते, आमच्या जिल्ह्यात ते कोणाला समजावून सांगावं लागत नाही.

मोबाइलच्या ॲपात दोन फोटो टाकून मॉर्फ करून पाहिलं. पहिली फ्रेम छान, शेवटची छान. मधल्या फ्रेमांत धड बोंड नाही, धड कापूस नाही, नुसता जांभळट लगदा.

आता विचारायचं ते असं. मॉर्फच करावं की सरळ फ्लिप करून मोकळं व्हावं? माझ्याकडे इको-सॉल्व्हंट मशीन आहे, कंपनीवाले 1440 डीपीआय (इंचाला इतके ठिपके) सांगतात. त्यावर छापून वरून लेन्सची शीट चिकटवली तर जमेल का? शीट विकणारा 60 एलपीआय देऊ की 75, असं विचारतोय, त्याला काय सांगू? आणि मालकांना दुकानाच्या भिंतीवर, रस्त्याकडे तोंड करून, चार बाय तीन फुटांचं मोठंही पाहिजे, गाडीवरून जाणाऱ्याला दिसेल असं. ते काम घ्यावं की टाळावं?

---

उलटी शीट (नागपूर)

माझी नोकरी पॅकेजिंगच्या छापखान्यात गेली, त्यातली बरीच वर्षं लेंटिक्युलरवर. त्यामुळे जरा लांबण लागेल, चहा घेऊन बसा.

आधी शीट हातात घ्या आणि नख फिरवा. एका दिशेनं खर्रकन आवाज येतो, दुसऱ्या दिशेनं नख गुळगुळीत घसरतं. त्या रेघा म्हणजे एकाला एक लागून असलेली लांबट भिंगं. एका इंचात किती भिंगं, तो एलपीआय. 75 च्या शीटवर एक भिंग जेमतेम 0.34 मिलिमीटर रुंद असतं. तेवढ्याशा जागेत तुमच्या प्रत्येक फ्रेमची एकेक चिंचोळी पट्टी बसवायची, याला इंटरलेसिंग म्हणतात. भिंग एका वेळी त्यातली एकच पट्टी मोठी करून डोळ्यापर्यंत पोचवतं, कोन बदलला की शेजारची. सगळी जादू एवढीच.

किती फ्रेमा मावतील हा साधा भागाकार आहे. मशीन इंचात जितके ठिपके टाकतं, त्याला शीटच्या एलपीआयनं भागायचं. 720 ला 60 नं भागा, 12 येतात. 1440 धरलं तर 24 येतात, पण मशीनच्या माहितीपत्रकातल्या 1440 वर विसंबू नका, इको-सॉल्व्हंटचा थेंब पसरतोच. 60 ची शीट घ्या आणि 12 फ्रेमांवर थांबा. 75 आणि 100 च्या शीट पातळ असतात, हातात घ्यायच्या कार्डाला दिसतातही देखण्या, पण त्यांचं काम ऑफसेटनं किंवा चांगल्या यूव्ही मशीननं करावं.

आता भिंगांची दिशा. नवे लोक इथेच फसतात, आणि शीट कापून झाल्यावर फसल्याचं कळतं. हातातल्या कार्डाला भिंगं आडवी हवीत, म्हणजे रेघा डावीकडून उजवीकडे. कार्ड वर-खाली झुकवलं की चित्र बदलेल. उभी ठेवली तर काय होईल? दोन डोळ्यांत साडेसहा सेंटिमीटरचं अंतर. कार्ड एक फुटावर धरलं तर दोन्ही डोळ्यांचे कोन साधारण 12 अंशांनी वेगळे. शीटचा पाहण्याचा कोन 48 अंश धरा, त्यात 12 फ्रेमा, म्हणजे फ्रेमला 4 अंश. तुमचा उजवा डोळा डाव्यापेक्षा तीन फ्रेमा पुढे! एका डोळ्याला किडकं बोंड, दुसऱ्याला अर्धं फुटलेलं, आणि डोकं दुखायला लागतं. थ्रीडी चित्रात हाच फरक मुद्दाम वापरतात, तिथे भिंगं उभीच लागतात. फ्लिप किंवा मॉर्फचं कार्ड मात्र आडव्या भिंगांचंच. भिंतीवरचं असेल तर पुन्हा उभी, कारण भिंत झुकत नाही, माणूस चालतो. आणि तीन मीटरवरून दोन डोळ्यांतला फरक एक-सव्वा अंशावर येतो, तो चालून जातो.

मॉर्फ की फ्लिप? लोकांना वाटतं मॉर्फ म्हणजे जास्त भारी. तसं काही नाही. फ्लिपमध्ये दोनच चित्रं असतात आणि एकाची सावली दुसऱ्यात दिसते. आम्ही तिला भूत म्हणतो. पांढऱ्या जमिनीवर काळं चित्र आणि त्याला लागून काळ्यावर पांढरं, असं केलंत की भूत हमखास निघणार. मॉर्फमध्ये शेजारच्या फ्रेमा एकमेकींसारख्याच असतात, त्यामुळे भूत असतं पण लपतं. त्या अंगानं मॉर्फ सोपं. अट एकच, दोन्ही टोकांच्या वस्तूंचे अवयव जुळले पाहिजेत. तुमच्या ॲपनं केलं ते मॉर्फ नव्हेच. त्यानं एक फोटो पुसत दुसरा आणला. खऱ्या मॉर्फमध्ये दोन्ही फोटोंवर जोडीच्या खुणा मारतात, देठाला देठ, टोकाला टोक, पाकळीला पाकळी. आधी आकार ओढून जुळवायचे, रंग त्याच्या मागून. आता मिटलेल्या बोंडात फुटलेल्या कापसाची जोडीची खूण कुठे मारणार? कापूस आतून येतो, बाहेरच्या फोटोत तो नाहीच. म्हणून लगदा झाला. त्यावर उपाय म्हणजे फुटण्याच्या वेगवेगळ्या अवस्थांतली खरी बोंडं एकाच कोनातून, एकाच उजेडात टिपायची आणि शेजार-शेजारच्या दोन अवस्थांमध्ये मॉर्फ करायचं.

बदल सगळ्या फ्रेमांत सारखा पसरू नका. बारातल्या पहिल्या चार एकच, मधल्या चार बदलत्या, शेवटच्या चार पुन्हा एकच. दोन्ही टोकांना चित्र ठरलं नाही तर हातात नुसती वळवळ राहते. शेवटची फ्रेम संपली की चित्र उडी मारून परत पहिलीवर येतं, ती उडी काही टाळता येत नाही. पण इंटरलेस करताना मध्य असा धरा की कार्ड सरळ समोर असताना बदलाचा मधला भाग दिसेल आणि उडी अगदी कडेच्या कोनात जाईल.

अक्षरांचं ऐका, हे तुम्हाला इंग्रजी माहितीत सापडणार नाही. भिंगं आडवी आणि आपली शिरोरेषाही आडवी. वरून खाली मोजलं तर एका भिंगाला एका फ्रेमचा एकच ठिपका मिळतो. बारीक शिरोरेषा दोन भिंगांच्या मध्ये पडली की गायब, आणि शब्दाची अक्षरं सुटी पडून लोंबायला लागतात. 60 च्या शीटवर शिरोरेषा दीड मिलिमीटर तरी जाड ठेवा. अनुस्वार ठसठशीत करा, नाहीतर कुंभारचा कुभार होतो. मला विचाराल तर पुढच्या बाजूला दोन-तीन जाड शब्दच ठेवा आणि तेही सगळ्या फ्रेमांत एकाच जागी, म्हणजे चित्र हललं तरी ते हलणार नाहीत. मोबाइल नंबर मागच्या बाजूला, साध्या छपाईत.

पिच टेस्ट, म्हणजे छापलेल्या पट्ट्या भिंगांच्या मापाशी जुळतात का ते पाहणं, ती केल्याशिवाय एकही कार्ड छापू नका. शीटवर 60 लिहिलेलं असलं तरी खरं माप 60 च्या जरा इकडे-तिकडे असतं. शिवाय डोळा जवळ असला की छापलेल्या पट्ट्या भिंगापेक्षा किंचित रुंद लागतात, म्हणजे इंचातला आकडा थोडा कमी, 59.8 च्या आसपास. इंटरलेसिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये टेस्टची पट्टी निघते. छापा, वर शीट ठेवा, कार्ड धरतात तेवढ्या अंतरावरून पाहा. जी ओळ कडेपासून कडेपर्यंत एकदम काळी आणि एकदम पांढरी होते तो तुमचा आकडा. तोही त्याच मशीनचा, त्याच शीटचा.

वरून चिकटवायचं म्हणाल तर जमतं, पण शीट केसभर तिरकी गेली की चित्रात तिरपे पट्टे येतात आणि मग ती शीट कचऱ्यात. थोड्या नगांना हातानं ठीक आहे. जास्त असतील तर यूव्ही फ्लॅटबेडवाल्याकडून शीटच्या सपाट बाजूवर थेट छापून घ्या, त्यावर पांढऱ्या शाईचा थर. चित्र तिथे आरशातल्यासारखं उलटं द्यायचं असतं. नवा पोरगा मशीनवर आला की पहिली शीट सुलटीच छापतो, माझ्या नावाचा उगम तोच.

भिंतीवरच्या मोठ्याचा हिशेब मांडून दाखवतो. रस्ता भिंतीपासून सहा मीटर, पाहण्याचा कोन 48 अंश, म्हणजे चित्राचा एक पूर्ण फेरा साधारण सव्वापाच मीटरच्या टप्प्यात उरकतो. ताशी 40 किलोमीटरनं जाणारा मोटारसायकलवाला सेकंदाला 11 मीटर जातो. त्याला अर्धा सेकंद मिळणार, तोही खड्डा चुकवत असणार. मालकांचे पैसे वाचवा. मोठं करायचंच असेल तर जिथे लोक चालत जातात किंवा रेंगाळतात तिथे लावा. कापसाच्या हंगामात जिनिंगच्या (रुईतून सरकी काढायच्या कारखान्याच्या) गेटबाहेर गाड्यांची जी रांग लागते, त्याहून चांगला प्रेक्षक या धंद्याला मिळणार नाही.

---

पानठेला (दर्यापूरकडचा)

बापा, एवढं गणित! मले एकच सांगा उलटी शीट भाऊ, पुढच्या ग्रामपंचायतीले आमच्या उमेदवाराचा चेहरा हळूहळू बदलून त्याचं चिन्ह होते, असं कार्ड निघन का? चिन्ह म्हंजे बहुतेक शिटी नाहीतर कपबशी भेटन. फ्लेक्स पाहून पाहून लोकायचे डोये गेले, कोनी वर मान करून पाहून नाई राह्यलं. हे कार्ड मात्र ठेल्यावर ठेवलं तं दिवसभर हातोहात फिरन.

---

वखरवाली (हिंगणघाट तालुका)

छपाईतलं मला कळत नाही. पऱ्हाटी कळते. म्हणून चित्रापुरतं बोलते.

पऱ्हाटीवाले दादा, तुमच्या मालकांना सांगा की किडकं बोंड काहीही केलं तरी पांढरंशुभ्र फुटत नाही. अळीनं आतली सरकी खाल्ली, रुई काळवंडली, की ते बोंड गेलं. त्याची कवडीच (किडका, डागी कापूस) वेचायची. फवारणी पुढची बोंडं वाचवायला असते. तुमचं कार्ड हातात घेऊन शेतकरी काय समजेल? किडलं तरी चालते, नंतर औषध मारून घेऊ. हे चित्रच खोटं आहे, आणि ते खोटं घेऊन तुमचे मालक ज्या लोकांकडे जाणार आहेत त्यांना बोंड फोडून पाहायची सवय आहे. एकदा हसले की दुकानावर हसतील.

उलटं करा म्हणाल, आधी चांगलं आणि मग किडकं, तरी तेच. कार्ड पुढे झुकवलं की किडलं, मागे झुकवलं की बरं झालं. पोरगं तर दोन्हीकडून झुकवणारच. कार्डाला पुढचं-मागचं कळत नाही.

मग असं चित्र घ्या जे दोन्हीकडून खरं असेल. गुलाबी बोंडअळीची सगळ्यात वाईट खोड कोणती? लहान बोंडात अळी शिरते आणि ती शिरली ते भोक बंद होऊन जाते. वरून बोंड हिरवंगार, टणक, फोटो काढून ठेवावं असं. आत अळी सरकी खात बसलेली. अमेरिकन बोंडअळीनं पाडलेलं मोठं भोक आणि बाहेर साचलेली विष्ठा दिसते, हिचं काही दिसत नाही. माणूस बांधावरून पाहतो, माल जोरात आहे म्हणतो, आणि वेचायच्या वेळी अर्धी बोंडं उमलतच नाहीत.

तेच दाखवा. सरळ धरलं तर अख्खं हिरवं बोंड. झुकवलं तर तेच बोंड मधून कापलेलं, आत गुलाबी अळी. वरून आणि आतून. पुढे झुकवा, मागे झुकवा, काहीच खोटं होत नाही.

आणि मागच्या बाजूला नुसता मोबाइल नंबर छापून जागा वाया घालवू नका. कृषी विद्यापीठाचे लोक सांगतात तो नेम छापा. दर आठवड्याला एकरात फिरून वेगवेगळ्या 20 झाडांवरचं एकेक मध्यम, वरून न किडलेलं हिरवं बोंड तोडायचं, भुईमुगाच्या शेंगेसारखं टिचवून पाहायचं. 20 मध्ये दोन किडकी निघाली किंवा दोन अळ्या दिसल्या तर फवारणीची वेळ आली. कामगंध सापळा (मादीच्या वासानं नर पतंग ओढणारा) लावला असेल तर रोज आठ पतंग, तेही सलग तीन रात्री. एवढं छापलं तर कार्ड पोरांच्या हातून काढून बाई-माणूस जपून ठेवेल. आमच्याकडे पोळ्याची अमावस्या आली की दिसेल त्या औषधाच्या मागे लोक लागतात, कोणी बोंड टिचवून पाहत नाही. टिचवणारे वाढले तर बरं.

एक बारीक गोष्ट. अळी लहान असताना पांढरट असते, मोठी झाली की गुलाबी होते. कार्डावर गुलाबीच दाखवा पण मागे एका ओळीत हे लिहा, नाहीतर पांढरी दिसली की "ही ती नाही" म्हणून लोक सोडून देतील.

---

पऱ्हाटीवाला

ताई, तुमचं लिहिणं मालकांना दुकानात जाऊन वाचून दाखवलं. पहिल्यांदा त्यांचं तोंड उतरलं. "मग माझं औषध कुठं दिसते?" मी म्हटलं, आतली अळी पाहून माणूस कोणाकडे येईल, मागे नंबर तुमचाच आहे ना. थोडा वेळ गप्प बसले. मग आतल्या गड्याला हाक मारून म्हणाले, पिशवीत चार हिरवी बोंडं आण. त्यातलं एक स्वतः टिचवलं. स्वच्छ निघालं, तर उलट नाराज झाले.

वरून आणि आतून, हे पक्कं झालं. सापळ्यांची विक्रीही त्यांच्याकडेच आहे, त्यामुळे पतंगांचा आकडा छापायला ते आनंदानं तयार आहेत. भिंतीवरचं मोठं सोडलं. अर्धा सेकंद ऐकल्यावर त्यांनीच सोडलं.

उलटी शीट सर, आता दोन-तीन शंका. वरून-आतून असेल तर मॉर्फच्या खुणा माराव्या लागतील, की त्या ॲपसारखं पुसत नेलं तरी चालेल? मालक म्हणतात कार्डाला वर भोक पाडून दोरा घालू, म्हणजे खुंटीला लटकेल. आडव्या भिंगांना ते चालेल का? आणि आमच्या उन्हाचं काय, मे महिन्यात टिनाच्या घरात ठेवलेलं कार्ड टिकेल?

---

उलटी शीट

वखरवाली ताईंनी जे सांगितलं ते आमच्या धंद्यातल्या कोणी मला इतक्या वर्षांत सांगितलं नाही. औषधांची, क्रीमची "आधी आणि नंतर"वाली कार्डं मी पुष्कळ छापली. सगळी मागे झुकवली की रोग परत येत होता, आणि कोणी हूं की चूं केलं नाही.

पऱ्हाटीवाले, तुमचं काम आता निम्म्यानं सोपं झालं. बोंडाचा बाहेरचा आकार दोन्ही फोटोंत तोच, म्हणून पुसत नेलेलं चालेल, आकार ओढायची गरज नाही. पण त्यासाठी फोटो जिद्दीनं काढा. बोंड मातीच्या गोळ्यात किंवा खिळ्यावर घट्ट बसवा, कॅमेरा तिपाईवर, उजेड खिडकीचा एकाच बाजूचा. आधी अख्ख्याचा फोटो. मग बोंड जागचं न हलवता धारदार ब्लेडनं पुढची बाजू काढून टाका आणि दुसरा फोटो. देठ आणि हिरव्या पाकळ्या दोन्ही फोटोंत एकमेकांवर तंतोतंत बसल्या पाहिजेत. त्या बसल्या की डोळ्याला वाटतं बोंड तेच आहे, नुसतं उघडलं. मागची जमीन दोन्हीत सारखी, मध्यम रंगाची. पांढरी घेऊ नका, भूत पांढऱ्यावरच नाचतं. अळी खरी असेल तर फोटोच्या वेळी हलेल. पाच-सहा फोटो जास्त काढा आणि तिचा पूर्ण आकार दिसतो तो निवडा. ती बारीक असते, तेव्हा बोंड खऱ्यापेक्षा मोठं छापा आणि अळीची खरी लांबी मागच्या बाजूला एका रेघेनं दाखवा.

बारातल्या फ्रेमा आता पाच, दोन, पाच अशा करा. उघडण्याचा क्षण छोटा ठेवला की कार्ड झुकवणारा दचकतो, आणि तुम्हाला तेच हवंय.

भोक पाडायला हरकत नाही, फक्त दोरा लांब ठेवा. खुंटीवर टांगलेलं कार्ड आडव्या भिंगांचं असेल तर समोरून इकडून तिकडे चालणाऱ्याला काहीच बदललेलं दिसणार नाही, त्याला ते हातातच घ्यावं लागेल. लांब दोऱ्यानं ते हातात येतं. आणि टांगलेलं असताना अख्खं हिरवं बोंड दिसेल अशी मध्याची सोय करा. मघाशी मी समोरून बदलाचा मधला भाग दाखवा म्हणालो होतो, ते टांगायच्या कार्डाला लागू नाही. समोर पहिलं चित्र पक्कं, वरचा काठ आपल्याकडे ओढला की आतली अळी.

उन्हाचं म्हणाल तर प्लास्टिक मीटरमागे 20 अंशांना सुमारे 1.4 मिलिमीटर वाढतं. मोठ्या बोर्डाला हे घातक, विशेषतः कागदावर छापून चिकटवलं असेल तर, कारण कागद त्याच्याबरोबर वाढत नाही. तुमच्या हातभर नसलेल्या कार्डाला ते जाणवणार नाही. टिनाखाली भिंतीवर टिकेल, उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवलं तर वाकेल.

पानठेला, तुमचंही सांगून टाकतो. 1952 साली अमेरिकेत राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत आयझेनहॉवरच्या (टोपणनाव आइक) प्रचारात असे बिल्ले होते, एका बाजूनं त्याचा चेहरा, दुसऱ्या बाजूनं "आय लाइक आइक". तुमच्या उमेदवाराला फ्लिपच करा, मॉर्फ नको. मॉर्फच्या मधल्या फ्रेममध्ये त्याचं नाक कपबशीचा कान झालेलं असेल आणि विरोधक नेमका त्याचाच फोटो काढून गावाच्या ग्रुपवर टाकतील.

पऱ्हाटीवाले, शीट मागवताना सगळी एकाच लॉटमधली मागवा आणि चार जास्त घ्या. पिच टेस्टच्या पट्टीवर लॉट नंबर, तारीख आणि जुळलेला आकडा मार्करनं लिहून ती फाइलला लावून ठेवा. मालक पुढच्या वर्षी पुन्हा छापायला सांगतील, शीट दुसऱ्या लॉटची येईल, आणि तेव्हा टेस्ट नव्यानं करावी लागेल.